चौकाच्या कोपऱ्यातले वीस आकडे

पाऊस थांबून तास-दोन तास होतात. रस्त्याचा मधला भाग वाळायला लागतो, डांबर पुन्हा काळंभोर दिसू लागतं, आणि चौकाच्या एकाच कोपऱ्यात मात्र घोट्याएवढं पाणी तसंच उभं असतं. शाळेतली मुलं तिथे रस्त्याच्या मधोमध उतरून वळसा घालतात, दुचाकीवाले खड्डा नेमका कुठे आहे याचा अंदाज घेत जातात. नांदेडमध्ये आणि लातूरमध्ये हे दृश्य पाहिलं नाही असा माणूस सापडणं कठीण. कारण विचारलं की दोन उत्तरं ठरलेली असतात: ‘पाऊसच लई झाला’ नाहीतर ‘नाली तुंबली’. दोन्ही उत्तरं कधी ना कधी खरी असतातच. पण हे डबकं दरवर्षी त्याच जागी का साचतं? हलक्या सरीनंतरही का साचतं? आणि पलीकडे चार मीटरवर नालीची जाळी कोरडी असताना पाणी तिच्यापर्यंत का जात नाही? याचं उत्तर आभाळात नाही आणि नालीतही नाही. ते रस्त्याच्या कडेला बसवलेल्या दगडांच्या उंचीत आहे.

आधी पावसाचा हिशेब मांडू. लातूर जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे ८०० मिलिमीटर, नांदेडचा त्याहून थोडा जास्त, ९०० च्या आसपास. कोकणच्या तुलनेत हा आकडा लहान दिसतो, पण रस्त्याच्या निचऱ्याला वर्षाची बेरीज उपयोगाची नसते. मराठवाड्यातला पाऊस महिनाभर ओढ देतो आणि मग एका दुपारी धो धो कोसळतो. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की महसूल खातं अतिवृष्टी धरतं. शेतीच्या नुकसानीसाठी हा निकष ठीक आहे. रस्त्यासाठी मात्र त्यातली सर्वात जोराची दहा-पंधरा मिनिटं महत्त्वाची असतात. त्या वेळी मिनिटाला एक मिलिमीटर या वेगाने पाऊस पडू शकतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. रस्त्याची अर्धी रुंदी आणि पदपथ मिळून ९ मीटर धरले, लांबी १०० मीटर धरली, तर ९०० चौरस मीटरवर मिनिटाला ९०० लिटर पाणी पडतं. डांबर आणि पेव्हर ब्लॉक फार थोडं पाणी पितात. म्हणजे रस्त्याच्या एका कडेने सेकंदाला साधारण १३ ते १५ लिटर पाणी वाहू लागतं. हे फक्त १०० मीटर रस्त्याचं. त्यात शेजारच्या गच्च्या, दुकानांची अंगणं, पेट्रोल पंपाचं आवार यांचं पाणी धरलेलं नाही.

हे पाणी वाहतं कुठून? कर्बला टेकून. कर्ब म्हणजे रस्ता आणि पदपथ यांच्या मधला तो उभा दगड किंवा काँक्रीटचा ठोकळा. निवडणुकीआधी त्याला पिवळा-काळा रंग लागतो, त्यामुळे तो सजावटीचा भाग आहे अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याला तीन कामं असतात. वाहनाला पदपथावर चढू द्यायचं नाही, पदपथाची माती आणि फरशी धरून ठेवायची, आणि रस्त्यावरचं पाणी आपल्या पायाशी गोळा करून जाळीपर्यंत न्यायचं. रस्ता मधोमध थोडा उंच आणि कडांकडे उतरता केलेला असतो, अभियंते त्याला कॅम्बर म्हणतात. हा आडवा उतार साधारण दोन ते अडीच टक्के, म्हणजे मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर. त्यामुळे पाणी कडेला येतं. कडेला आल्यावर डांबराचा उतार आणि कर्बची उभी भिंत मिळून एक उथळ पन्हळ तयार होते. आता पाण्याला पुढे सरकायचं असेल तर या पन्हळीलाच लांबीच्या दिशेने ढाळ हवा.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट नव्याने सांगायला नको. ढाळीचा बांध घालताना बांधाची उंची जितकी महत्त्वाची, तितकाच त्याच्या वरच्या अंगाने जाणाऱ्या पाण्याला दिलेला किंचित ढाळही महत्त्वाचा. तो चुकला की पाणी मधेच थांबतं आणि बांध फुटतो. कर्बचं काम तेच, फक्त शेताऐवजी डांबर.

हा लांबीचा ढाळ किती असावा? कर्ब असलेल्या रस्त्याला निदान ०.३ टक्के आणि शक्यतो ०.५ टक्के उतार द्यावा, असा जगभरच्या रस्ते अभियंत्यांचा प्रघात आहे. ०.५ टक्के म्हणजे १०० मीटरला ५० सेंटिमीटर. डोळ्यांना हा उतार दिसतसुद्धा नाही, पण पाण्याला तो पुरेपूर कळतो. आडवा उतार अडीच टक्के असेल आणि पाणी कडेपासून दोन मीटरपर्यंत पसरू द्यायचं ठरवलं, तर ०.५ टक्के ढाळाची पन्हळ सेकंदाला सुमारे २२ लिटर पाणी वाहून नेते. तोच ढाळ ०.१ टक्क्यावर आला तर ती जेमतेम १० लिटर नेते. वरच्या हिशेबाशी जोडून पाहा: पहिल्या रस्त्याला साधारण दीडशे मीटरवर एक जाळी पुरेल, दुसऱ्याला सत्तर मीटरवर लागेल. ढाळ शून्य झाला तर जाळ्या कितीही जवळ बसवल्या तरी दोन जाळ्यांच्या मधे पाणी राहणारच.

सरळ रस्त्यावर हे सांभाळणं अवघड नाही. दोन टोकांच्या पातळ्या ठरल्या, मधे दोरी ताणली की गवंडी कर्ब बरोबर बसवतो. अडचण सुरू होते ती चौकात, कारण चौकात कर्ब वळतो. एका रस्त्याच्या कडेने आलेला कर्ब कोपऱ्यावर गोलाई घेऊन दुसऱ्या रस्त्याच्या कडेला मिळतो. कोपऱ्याची त्रिज्या ९ मीटर असेल आणि रस्ते काटकोनात असतील, तर ही गोलाई सुमारे १४ मीटर लांब असते. नकाशावर ती छान दिसते, कारण नकाशा वरून पाहिलेला असतो. त्या १४ मीटरमध्ये कर्बचा पाया कुठे वर आहे आणि कुठे खाली, हे वरून पाहून कळत नाही. त्यासाठी कोपरा उलगडून, कडेची रेघ सरळ करून, तिच्या उंचीचा वेगळा आलेख काढावा लागतो. कर्बचा उभा आलेख तो हाच. आपल्याकडच्या लहान-मध्यम शहरांत पुष्कळ चौक हा आलेख न काढताच बांधले जातात, आणि डबक्यांचं मूळ मला तिथेच दिसतं.

आलेख का लागतो ते एका चौकावर पाहू. समजा जमीन ईशान्येकडे उतरते आहे. पश्चिमेकडून येणारा रस्ता चौकाकडे उतरत येतो, दक्षिणेकडून येणाराही उतरत येतो. पूर्वेला आणि उत्तरेला जाणारे रस्ते चौकातून पुढे खाली जातात. आता चार कोपरे बघा. वायव्येच्या कोपऱ्यात पश्चिमेच्या रस्त्याचं पाणी येतं, गोलाई घेतं आणि उत्तरेच्या रस्त्याने निघून जातं. आग्नेयेलाही तसंच. हे दोन वाहते कोपरे. ईशान्येच्या कोपऱ्यापासून दोन्ही रस्ते खाली जातात, म्हणून तिथे पाणी दुभागतं. तो कोपरा सर्वात कोरडा. उरला नैर्ऋत्येचा. तिथे पश्चिमेच्या रस्त्याची कडही उतरत येते आणि दक्षिणेच्या रस्त्याचीही. दोन्हींचं पाणी एकाच गोलाईत येऊन पडतं आणि कर्बच्या कडेने पुढे जायला वाट नसते.

यात एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. पाणी साचणारा कोपरा हा चौकाच्या उताराकडचा नसून चढाकडचा असतो. आपण पाण्याचं डबकं बघतो आणि म्हणतो, ‘हा कोपरा सखल आहे.’ संपूर्ण चौकाचा विचार केला तर तो चारही कोपऱ्यांत उंच असतो! सखल असते ती फक्त त्याच्या कर्बची रेघ. पाण्याला पुढे जायचं तर कर्ब सोडून चौक ओलांडावा लागतो, आणि समोर रस्त्याची पाठ, म्हणजे कॅम्बरचा मधला उंचवटा, आडवी येते. दक्षिणेच्या लहान रस्त्याची पाठ थेट मोठ्या रस्त्याच्या कडेपर्यंत जशीच्या तशी आणून सोडली असेल, तर कोपऱ्यातलं पाणी तिच्या मागे अडकतं. म्हणून अनुभवी अभियंता लहान रस्त्याचा उंचवटा तोंडाशी येता येता हळूहळू सपाट करत आणतो आणि मोठ्या रस्त्याच्या कडेची पन्हळ त्या तोंडावरून अखंड पुढे नेतो. दोन्ही रस्ते सारख्याच मोठ्या वाहतुकीचे असले तर कुणाची पाठ मोडायची हे ठरवणं अवघड जातं, आणि मग संपूर्ण चौकाच्या पृष्ठभागाच्या पातळ्याच वेगळ्या काढाव्या लागतात.

आता आकडे घालून बघू. वाहत्या कोपऱ्यात एक कड ०.६ टक्क्यांनी उतरत आली आणि दुसरी ०.८ टक्क्यांनी पुढे गेली, तर ९ मीटर त्रिज्येच्या गोलाईच्या दोन टोकांत सुमारे साडेबारा सेंटिमीटरचा फरक पडतो. तो १४ मीटरमध्ये वाटला की ०.९ टक्के ढाळ मिळतो, दर साडेतीन मीटरला सुमारे तीन सेंटिमीटर. उत्तम. साचत्या कोपऱ्यात मात्र एक कड ०.६ टक्क्यांनी आणि दुसरी ०.४ टक्क्यांनी, दोन्ही कोपऱ्याकडे उतरतात. गोलाईच्या दोन टोकांत फरक उरतो तो फक्त १.८ सेंटिमीटरचा. कामावरचा माणूस दोन टोकांना खुंट्या ठोकतो, दोन्ही उंच्यांमध्ये समान वाटणी करतो, आणि १४ मीटरची गोलाई जवळजवळ आडवी बसते. त्याने काम चुकवलेलं नसतं. त्याला मधले आकडे कुणी दिलेलेच नसतात.

साचत्या कोपऱ्याला उपाय आहे. दोन्ही रस्त्यांवर गोलाई सुरू होण्याआधीच, झेब्रा पट्ट्यांच्या चढाकडच्या बाजूला, जाळी किंवा कर्बमधलं उभं तोंड बसवायचं आणि बहुतेक पाणी तिथेच नालीत घ्यायचं. मग गोलाईत येतं ते फक्त तिच्यावर पडलेलं पाणी. तेवढ्यासाठी गोलाईच्या नेमक्या खालच्या बिंदूवर एक लहान तोंड पुरतं. ते ‘नेमक्या’ बिंदूवर असणं मात्र अटीचं. दोन मीटर इकडे किंवा तिकडे सरकलं की जाळी कोरडी आणि डबकं ओलं. खालचा बिंदू कुठे येतो हे गणिताने आधीच काढता येतं, पण त्यासाठी आलेख काढलेला असावा लागतो.

जाळी झेब्रा पट्ट्यांच्या आधी का, याचंही कारण सांगायला हवं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेनुसार, म्हणजे आयआरसी १०३ नुसार, पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये, आणि रस्ता ओलांडण्याच्या जागी कर्ब उतरवून व्हीलचेअरसाठी उतरंड करावी. उतरंडीचा चढ बारास एक असतो, म्हणजे १५० मिलिमीटर उंचीला १.८ मीटर लांबी. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, काठी घेतलेली आजी, बाळाची गाडी ढकलणारी आई या सगळ्यांसाठी ही उतरंड आहे, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नंतर ती कायद्याची जबाबदारीही आहे. पण उतरंडीच्या जागी कर्बची उंची शून्य होते. कडेने पाच सेंटिमीटर खोल वाहत आलेलं पाणी तिथे सरळ पदपथावर शिरतं. ज्यांना डबकं ओलांडता येत नाही त्यांच्यासाठीच केलेल्या जागी डबकं! पॉम्पेई या रोमन शहरात रस्ते हेच पाण्याचे पाट होते, म्हणून पदपथ उंच ठेवले होते आणि रस्ता ओलांडायला मधे मोठे दगड मांडले होते, गाडीची चाकं जातील अशा फटी ठेवून. धडधाकट माणसाला दगडावरून दगडावर पाय टाकत जाता येतं. आज आपण सगळ्यांनी ओलांडावा असा रस्ता करतो आहोत, तेव्हा पाणी ओलांडणीच्या आधीच उचललं पाहिजे, त्याला पर्याय नाही.

लातूरकरांना हे सगळं समजून घ्यायला गंजगोलाईसारखी जागा नाही. शहराच्या मध्यावरचा हा वर्तुळाकार बाजार. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी त्याचा आराखडा केला आणि मधली दुमजली गोल इमारत १९१७ मध्ये उभी राहिली. मध्यभागी देवीचं मंदिर आहे, आणि गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. सोन्यापासून चपलांपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत एकेका रस्त्याला आपापली बाजारपेठ. साध्या चौकात चार कोपरे असतात. इथे सोळा तोंडं आणि प्रत्येक तोंडाला दोन, म्हणजे बत्तीस कोपरे आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या आखणीचं मला मनापासून कौतुक वाटतं, आणि म्हणूनच तिथल्या पाण्याचा विचार तितक्याच बारकाईने व्हावा असंही वाटतं.

एखादं वर्तुळ किंचित झुकलेल्या जमिनीवर असलं की त्याच्या परिघाचा उतार सगळीकडे सारखा राहत नाही. परिघावर एक बिंदू सर्वात उंच असतो आणि त्याच्या बरोबर समोरचा सर्वात खाली. पाणी उंच बिंदूपाशी दुभागतं, दोन्ही अर्धवर्तुळांनी खाली येतं आणि खालच्या बिंदूपाशी पुन्हा भेटतं. अर्ध्या वाटेवर परिघाचा उतार जमिनीएवढाच तीव्र असतो. वरच्या आणि खालच्या टोकापाशी मात्र तो शून्याकडे जातो. जमिनीचा झुकाव एक टक्का धरला तर खालच्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेसतरा अंशांपर्यंत परिघाचा ढाळ ०.३ टक्क्याहून कमी भरतो. दोन्ही मिळून ३५ अंशांचा तुकडा. सोळा रस्ते समान अंतरावर असले तर त्यांच्यात साडेबावीस अंशांचं अंतर पडतं, म्हणजे एक-दोन रस्त्यांची तोंडं या सपाट तुकड्यात येतात. झुकाव अर्धा टक्का असला तर सपाट तुकडा दुपटीहून मोठा होतो आणि तीन-चार तोंडं त्यात येतात. वर्तुळाचं बाकी काम कितीही चांगलं असो, सगळं पाणी शेवटी या दोन-चार दुकानांसमोर येऊन उभं राहतं.

शिवाय चढाकडच्या बाजूचे रस्ते गोलाईत पाणी आणतात आणि उताराकडचे ते घेऊन जातात. आणणाऱ्या रस्त्यांचं पाणी गोलाईत शिरण्याआधीच तोंडाशी उचललं नाही, तर मधल्या वर्तुळाला आपल्या वाट्याच्या पावसाबरोबर सात-आठ रस्त्यांचा पाऊस वाहावा लागतो. कोणत्याही गोल चौकाला हाच नियम लागतो: पाणी वर्तुळाच्या बाहेर अडवा, वर्तुळाला फक्त त्याच्या अंगावरचं पाणी वाहू द्या, आणि खालच्या बिंदूपाशी जाळ्यांची संख्या हिशेबापेक्षा जास्त ठेवा. खोलगट जागी जाळी अर्धी तुंबली आहे असं धरूनच तिचा आकार काढायचा असतो. बाजारपेठेत तर हे हमखास खरं ठरतं, कारण पहिल्या सरीबरोबर पिशव्या, सुतळी, भुसा, डाळीची टरफलं सगळं जाळीवर येऊन बसतं.

नांदेडची गोष्ट वेगळ्या वळणाने इथेच येते. दक्षिणेला गोदावरी, उत्तरेला आसना, आणि मधे शहर. गुरु ग्रंथसाहिबला गुरुपद मिळाल्याच्या घटनेला २००८ मध्ये तीनशे वर्षं झाली. त्या गुरुता गद्दी सोहळ्याच्या आधीच्या वर्षांत आणि डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान योजनेतून नांदेडचे प्रमुख रस्ते नव्याने आखले गेले. पदपथ आले, सायकलमार्ग आले, झाडांच्या पट्ट्या आल्या. आपल्या भागातल्या शहराने पायी चालणाऱ्याला अशी जागा द्यावी, ही मोठी गोष्ट होती आणि आजही आहे.

पण पदपथ येतो तेव्हा कर्ब येतो, आणि कर्ब आला की पाण्याची जबाबदारी येते. आधी ज्या रस्त्याला कडच नव्हती तिथलं पाणी बाजूच्या मुरमात, मोकळ्या जागेत, झाडाखाली कुठेही पसरून जिरत होतं. चिखल होई, पण ते एका जागी गोळा होत नसे. कर्ब बसवल्या दिवसापासून ते पाणी शिस्तीने एका रेघेत येतं आणि ती रेघ जिथे नेईल तिथे जातं. म्हणून पदपथाचं काम काढताना नालीचं आणि कोपऱ्यांच्या पातळ्यांचं काम त्याच निविदेत, त्याच नकाशावर असायला हवं. सायकलमार्ग वेगळा उंचावला असेल तर एका कोपऱ्यात कर्बच्या दोन-दोन रेघा होतात, आणि दोन्हींचा आलेख लागतो.

नांदेडला नदीचंही भान ठेवावं लागतं. वर विष्णुपुरीचे दरवाजे उघडले आणि गोदावरी फुगली की काठच्या सखल भागातल्या नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात आणि शहरातलं पाणी बाहेर पडू शकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याने नद्यांचं जे रूप पाहिलं, त्या वेळी कर्बच्या ढाळाने फरक पडला असता असं कुणी म्हणू नये. तो पूर आहे, त्याचं शास्त्र वेगळं. मी बोलतो आहे ते वर्षात पंचवीस-तीस वेळा येणाऱ्या साध्या पावसाबद्दल. त्या पावसात साचणाऱ्या पाण्याला नदीचा हात नसतो.

दोन्ही शहरांच्या पायाखाली काळी माती आहे, आणि कर्बच्या दृष्टीने तीच सर्वात मोठी अडचण. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. मुरमाचा पुरेसा थर न देता तिच्यावर कर्ब बसवला तर दोन-तीन पावसाळ्यांत तो खालीवर होतो. दहा मीटरच्या तुकड्याचं एक टोक फक्त तीन सेंटिमीटर खचलं, की ०.३ टक्क्याचा सगळा ढाळ संपला. आणि एकदा तिथे पाणी थांबलं की ते सांध्यांतून खाली जातं, माती आणखी मऊ होते, कर्ब आणखी खचतो. डांबरही तिथेच आधी उखडतं, कारण साचलेलं पाणी खडी आणि डांबर यांची पकड सोडवतं आणि वरून चाकं ती खडी बाहेर फेकतात. चौकातले खड्डे वाहतुकीमुळे पडतात असं म्हटलं जातं. वाहतूक तर सरळ रस्त्यावरही तेवढीच असते.

दुसरा दोष आपण हाताने करतो. जुन्या डांबरावर नवा थर, त्यावर आणखी एक, आणि मग कधीतरी थेट काँक्रीट. प्रत्येक थराने रस्ता वर येतो आणि कर्ब होता तिथेच राहतो. १५० मिलिमीटरचा कर्ब पाहता पाहता ७०-८० मिलिमीटरचा होतो आणि पन्हळीची खोली निम्म्यावर येते. काही गल्ल्यांत रस्ता घराच्या जोत्यापेक्षा वर गेलेला दिसतो आणि रस्त्याचं पाणी लोकांच्या ओट्यावर उतरतं. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकू नये, हा नियम खर्चाचा वाटतो, पण घराघरांत शिरणाऱ्या पाण्याचा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात येत नाही म्हणून तसं वाटतं. दुकानासमोर गाडी चढवायला पन्हळीतच ओतलेले सिमेंटचे रॅम्प आणि कर्बपासून कर्बपर्यंत घातलेले गतिरोधक यांच्याबद्दल जास्त लिहायची गरज नाही. कडेला हातभर फट सोडली किंवा खालून पाईप दिला तर दोन्ही निर्धोक होतात.

मग करायचं काय? चौकाच्या प्रत्येक कोपऱ्याच्या गोलाईवर पाच बिंदू घ्या: सुरुवात, पाव, निम्मा, पाऊण आणि शेवट. प्रत्येक बिंदूवर पन्हळीची पातळी किती हवी ते नकाशावर मिलिमीटरपर्यंत लिहा. चार कोपऱ्यांचे मिळून वीस आकडे. गोलाईतला सर्वात खालचा बिंदू या पाचांत येत नसेल तर तो वेगळा दाखवा आणि जाळीचं ठिकाण त्याच्याशी जोडा. हे काम एका कनिष्ठ अभियंत्याचं, एका ऑटो लेव्हलचं आणि एका दिवसाचं आहे. शहरी निचऱ्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका, आयआरसी एसपी ५०, २०१३ मध्ये सुधारून आलेली आहे. पावसाळी पाण्याच्या व्यवस्थेची केंद्र सरकारची नियमपुस्तिका २०१९ मध्ये आली. नियमांची वाण नाही. वाण आहे ती नकाशावरच्या या आकड्यांची.

आकडे लिहिले की ते तपासताही येतात. कर्बच्या मागे काँक्रीट ओतण्याआधी, सगळे ठोकळे नुसते मांडलेले असताना, पाणसळ लावून पाचही बिंदू तपासायचे. त्या वेळी ठोकळा वर-खाली करायला दहा मिनिटं लागतात. काँक्रीट ओतल्यावर तेच काम फोडाफोडीचं होतं आणि मग कुणीच करत नाही. काम पूर्ण झाल्यावर बिल निघण्याआधी एक टँकर पाणी चढाकडच्या बाजूला सोडून बघावं. अर्ध्या तासानंतर कुठे पाणी उभं आहे ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं, वाद उरत नाही. त्यासाठी पिण्याचं पाणी मात्र वापरू नये, सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं पाणी पुरतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून तहान भागवलेल्या लातूरला हे सांगण्याची गरज नाही.

त्याच लातूरमध्ये चौकातलं पाणी जमिनीत मुरवता येईल का, असा प्रश्न पुष्कळ लोक विचारतात, आणि तो रास्त आहे. झाडांच्या पट्ट्या रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवून, कर्बला फटी सोडून, पाणी मातीतून गाळत मुरवणं शक्य आहे. रस्त्याचं पाणी थेट विंधन विहिरीत सोडणं मात्र चूक, कारण त्यात तेल, टायरची भुकटी आणि जनावरांची घाण असते. शिवाय ती फट कुठे ठेवायची हे ठरवायलाही शेवटी तेच वीस आकडे लागतात.

नागरिकांनी यात एक काम जरूर करावं. येत्या पावसाळ्यात आपल्या चौकात पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने डबक्याची कड चुन्याने आखून घ्या, जाळी कुठे आहे तेही दिसेल असा फोटो काढा, आणि तो अर्जासोबत महानगरपालिकेच्या बांधकाम विभागात द्या. अर्जात खड्डा बुजवण्याची मागणी करू नका. चौकाच्या कोपऱ्यांच्या पातळ्यांचा नकाशा मागा. नसेल तर तो तयार करून मगच पुढचा थर टाकावा, अशी लेखी मागणी करा. रस्त्याचं काम सुरू होण्याआधी अशी मागणी आली तर ती पूर्ण करायला पालिकेला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.